फिरता दांडा आणि त्याचा दुबळा दुवा

बिनतारी यंत्राच्या साहाय्यानें दुरून चालवावयाचा ट्रक हें आतां केवळ मुलांचें खेळणें राहिलेलें नाहीं. हातभर लांबीच्या या वाहनांत खऱ्या ट्रकाप्रमाणेंच मोटर असते, दंतचक्रांची पेटी असते, स्प्रिंगांवर तोललेलीं चार चाकें असतात, आणि पेटींतील गति चाकांपर्यंत नेणारे बारीक दांडे असतात. या दांड्यांना कारागीर शाफ्ट म्हणतात. ट्रक उंचवट्यावरून उडाला, चाकें हवेंत गरगरलीं आणि जमिनीवर आदळतांच एकदम अडलीं, कीं पुष्कळदां पहिला बळी पडतो तो शाफ्टचा. मग मालक दुकानांत जातो. तेथें मूळ कारखान्याच्या शाफ्टशेजारीं इतर कारखान्यांनीं केलेले पोलादाचे, ॲल्युमिनियमचे, टायटॅनियमचे असे अनेक शाफ्ट मांडलेले असतात. त्यांची किंमत मूळ शाफ्टच्या कितीतरी पट असते, आणि प्रत्येकाच्या वेष्टनावर मजबुतीची ग्वाही छापलेली असते. त्यांतून कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु निवड चुकली तर शाफ्ट वांचतो आणि त्याहून महाग अशी दंतचक्रें फुटतात. मोठ्या वाहनांच्या कारागिरांनीं हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पूर्वीं सोडविलेला आहे, आणि म्हणून त्याचें उत्तर वेष्टनापेक्षां इतिहासांत शोधणें अधिक फायद्याचें ठरतें.

मूळ अडचण अशी आहे. मोटर आणि दंतचक्रांची पेटी सांगाड्याला घट्ट बसविलेली असते. चाक मात्र खांचखळग्यांप्रमाणें वरखालीं होतें, आणि पुढचें चाक त्याशिवाय डावीउजवीकडे वळतें. सरळ, एकसंध दांड्यानें हीं दोन टोंकें जोडलीं तर पहिल्याच दगडावर दांडा वांकेल किंवा पेटी तडकेल. म्हणून दांडा असा हवा, कीं जो फिरतां फिरतां वांकेल, वांकतां वांकतां लांब-आखूड होईल, आणि तरीही गति तुटूं देणार नाहीं. या तीन कामांची सांगड घालण्याच्या खटपटींतूनच शाफ्टचा सारा इतिहास घडला.

यांतील पहिली कल्पना मोटारीपेक्षां फार जुनी आहे. एकांत एक बसविलेलीं व परस्परांशीं काटकोनांत फिरणारीं कडीं घेतलीं, तर त्यांच्या मध्यें ठेवलेली वस्तु कलंडत नाहीं, हें चीनमधील कारागिरांस इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत ठाऊक होतें. डिंग ह्वान नांवाच्या कारागिरानें अशा कड्यांत धूपपात्र बसविल्याची नोंद आहे. युरोपांत इटालियन गणिती व वैद्य जिरोलामो कार्डानो यानें १५५० सालच्या आपल्या ग्रंथांत अशा टांगणीचें वर्णन केलें. शोध त्याचा नव्हे. पण नांव मात्र त्याचें चिकटलें, आणि युरोपांतील कित्येक भाषांत मोटारीच्या या दांड्यास अद्याप कार्डान असेंच म्हणतात. तथापि या कड्यांचें काम वस्तु स्थिर ठेवण्याचें होतें. एका दांड्याची गति त्याच्याशीं कोन करून असलेल्या दुसऱ्या दांड्यास देणें, हें निराळें काम होतें.

तें काम इंग्लंडांत रॉबर्ट हुक यानें केलें. सूर्य पाहण्याच्या उपकरणांवर त्यानें १६७६ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत या सांध्याचें वर्णन आहे आणि त्याचें युनिव्हर्सल जॉइंट हें नांवही आहे. आज हेंच नांव प्रत्येक गॅरेजांत रुळलेलें आहे. रचना साधी आहे. दोन दांड्यांच्या टोंकांना दोन दुबेळकीं असतात, आणि अधिक-चिन्हासारखा एक तुकडा त्या दोहोंच्या मध्यें अडकविलेला असतो. या तुकड्यास आपल्याकडील मेकॅनिक क्रॉस म्हणतात. एक दांडा फिरला कीं क्रॉस फिरतो, आणि क्रॉसबरोबर दुसरा दांडा वांकड्या दिशेनेंही फिरतो.

पण या सांध्यांत एक खोड आहे. पहिला दांडा अगदीं एकसारख्या वेगानें फिरला तरी दुसरा तसा फिरत नाहीं. प्रत्येक फेऱ्यांत तो दोन वेळां पुढें धांवतो आणि दोन वेळां मागें रेंगाळतो. दोन दांड्यांतील कोन १० अंशांचा असेल तर हा फरक शेंकडा दीडच्या आसपास असतो आणि कोणाला जाणवतही नाहीं. कोन ३० अंशांचा झाला, कीं दुसरा दांडा क्षणभर शेंकडा साडेपंधरानें जलद आणि क्षणभर शेंकडा साडेतेरानें मंद होतो. ४५ अंशांवर तर तो शेंकडा ४१ नें पुढें व शेंकडा २९ नें मागें जातो. एका फेऱ्याअखेर हिशेब बरोबर जुळतो. पण मधल्या मधें चाकाला धक्के बसत राहतात.

नवलाची गोष्ट ही, कीं हुकच्या एका कामांत हीच खोड गुण ठरली. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या छायायंत्रांत सावली प्रत्येक तासास सारखें अंतर कापीत नाहीं. लंडनच्या अक्षांशावर दुपारीं १२ ते १ या तासांत ती सुमारें १२ अंश सरकते, तर संध्याकाळीं ५ ते ६ या तासांत सुमारें १९ अंश. हुकच्या सांध्याचा कोन त्या स्थळाच्या अक्षांशावरून ठरविला, तर एकसारख्या फिरणाऱ्या दांड्यापासून नेमकी हीच असमान चाल निघते. म्हणून छायायंत्राच्या रेषा आंखण्यास व सावलीप्रमाणें चालणारा कांटा फिरविण्यास तो सांधा उत्तम होता. जी असमानता सूर्याच्या सावलीस योग्य, तीच पुढें मोटारीच्या चाकास जाचक झाली. सांधा तोच होता. त्याला गुणी किंवा अवगुणी ठरविलें तें कामानें. शाफ्ट निवडणाऱ्यानें इतिहासाचा हा पहिला धडा लक्षांत ठेवावा.

एकोणिसाव्या शतकांत या खोडीचा शास्त्रशुद्ध विचार झाला. फ्रेंच गणिती पाँसेले यानें तिचें गणित मांडलें. केंब्रिज येथील रॉबर्ट विलिस यानेंही यंत्ररचनेच्या तत्त्वांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ १८४१ सालीं काढला. या अभ्यासांतून निघालेला उपाय असा : एका सांध्याऐवजीं दोन सांधे घ्यावे. पहिल्यानें जी चूक केली ती दुसरा उलट बाजूनें करतो आणि हिशेब शून्य होतो. मात्र यास दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असले पाहिजेत, आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोंकांचीं दुबेळकीं एकाच पातळींत असलीं पाहिजेत. मधला दांडा पाव फेरा चुकवून बसविला, तर दोन्ही चुका एकमेकींस मारण्याऐवजीं एकमेकींस मिळतात. दोन्ही कोन २० अंशांचे असतील, तर एकट्या सांध्याचा शेंकडा सहाचा उतावीळपणा अशा जोडणींत शेंकडा तेरावर जातो. छोट्या ट्रकाचा लांब-आखूड होणारा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, आणि साफ करून पुनः जोडतांना हीच चूक हातून सहज घडते. शाफ्ट नवा आणून ट्रक थरथरूं लागला, तर दोष पुष्कळदां मालाचा नसून जोडणीचा असतो.

मोटारी आल्या तेव्हां आरंभीं बहुतेकांची चाकें सायकलीप्रमाणें सांखळीनें फिरत. सांखळी वांकड्या वाटेनें चालूं शकत असे; पण ती खडखडाट करी, सैल पडे, आणि रस्त्यावरील धूळ व चिखल तिच्या कड्याकड्यांत शिरे. फ्रान्समध्यें लुई रेनो यानें १८९८ सालीं आपल्या छोट्या गाडींत सांखळीऐवजीं सांधेदार दांडा बसविला. अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी क्लॅरेन्स स्पायसर हाही सांखळीस कंटाळला होता. त्यानें १९०३ सालीं आपल्या सांध्याचें पेटंट मिळविलें आणि १९०४ सालीं न्यू जर्सींतील प्लेनफील्ड येथें तो तयार करण्यास सुरुवात केली. मूळ सांधा दोनशें वर्षांपूर्वींचा असल्यामुळें स्पायसरला त्याच्यावर हक्क सांगतां येणें शक्य नव्हतें. त्याचें पेटंट होतें तें सांध्याभोंवतींच्या कवचाचें : आंतील वंगण आंत राहावें आणि बाहेरची धूळ बाहेर राहावी, अशी ती योजना होती. मोठमोठ्या कारखान्यांनीं स्पायसरचे सांधे विकत घेतले, त्याचें कारण ही लहानशी दिसणारी सुधारणा. धूळ हा सांध्याचा खरा शत्रु आहे, हें त्यानें ओळखलें होतें. छोटा ट्रक तर जमिनीपासून चारदोन बोटांवरूनच धांवतो. त्याच्या सांध्यांत जाणारी वाळू मोठ्या मोटारीच्या मानानें कितीतरी अधिक घातक असते.

इतकें झालें तरी पुढच्या चाकांचा प्रश्न उरलाच होता. मागचें चाक वरखालीं होतें, पण वळत नाहीं. त्याचा कोन लहान असतो. पुढच्या चाकालाच गति द्यावयाची तर सांधा तीस-तीस अंश वांकला पाहिजे, आणि तेथें हुकच्या सांध्याचे धक्के चालकाच्या हातांपर्यंत पोंचतात. १९२६ च्या सुमारास यावर दोन उत्तरें निघालीं. फ्रान्समध्यें पियेर फनाय व झां-आल्बेर ग्रेग्वार यांनीं ट्रॅक्टा नांवाचा सांधा काढला; त्याच नांवाच्या त्यांच्या मोटारी १९२७ सालीं ल मान येथील शर्यतींत धांवल्या. दुसरें उत्तर अमेरिकेंत फोर्ड कारखान्याचा एक अभियंता आल्फ्रेड र्झेप्पा यानें दिलें. त्यानें एका वाटींत खांचा पाडून त्यांत पोलादी गोळ्या बसविल्या. दोन दांड्यांमधील कोनाचे बरोबर दोन भाग करणाऱ्या पातळींतच या गोळ्या नेहमीं राहतात, आणि म्हणून दोन्ही दांडे प्रत्येक क्षणीं सारख्याच वेगानें फिरतात. १९५९ सालीं इंग्लंडांत निघालेल्या मिनी मोटारीच्या पुढच्या चाकांना याच जातीचा सांधा होता.

दुसऱ्या महायुद्धांतील जीप गाडीची गोष्ट येथें विशेष उद्बोधक आहे. लक्षावधि जीप थोड्या वर्षांत हव्या होत्या, आणि एका कारखान्याला तेवढे सांधे पुरविणें शक्य नव्हतें. म्हणून पुढच्या चाकांसाठीं र्झेप्पा, बेंडिक्स-वाइस, ट्रॅक्टा आणि स्पायसर असे चार जातींचे सांधे वापरण्यांत आले. रचना चार, पण गाडी एकच. युद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्र यांनीं मुंबईस विलीज जीप जोडण्यास सुरुवात केली, आणि अशा गाड्यांचे सांधे व क्रॉस महाराष्ट्रांतील मेकॅनिकांच्याही नित्याच्या ओळखीचे झाले. चार जातींच्या सांध्यांवर एकच गाडी धांवली, यावरून असें दिसतें कीं सर्वश्रेष्ठ सांधा म्हणून कांहीं नसतो; माप, कोन आणि ओझें जुळलें कीं अनेक रचना काम देतात.

आतां छोट्या वाहनांकडे वळूं देणारा धागा विजेचा आहे. बिनतारी लहरींनीं वाहन चालविण्याचा जाहीर प्रयोग निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें केला. त्याचें वाहन म्हणजे पाण्याच्या हौदांतील एक छोटी नौका होती. बाजारांत विकण्याजोगी बिनतारी मोटार मात्र १९६६ सालीं इटलींत निघाली. ती फेरारी गाडीची एकबारांश प्रतिकृति होती. जपानच्या तामिया कारखान्यानें १९७६ सालीं पोर्श ९३४ ची प्रतिकृति काढली, आणि १९७९ सालीं रफ रायडर व सँड स्कॉर्चर या वाळूंत धांवणाऱ्या गाड्या काढून हा खेळ गुळगुळीत फरशीवरून मातींत आणला. फरशीवर शाफ्टला फारसें काम नव्हतें. मातींत त्याची परीक्षा सुरू झाली.

त्याच काळांत अमेरिकेंत सेंट लुई शहरानजीक बॉब चँडलर नांवाचा दुकानदार आपल्या १९७४ सालच्या फोर्ड ट्रकाला उत्तरोत्तर मोठीं चाकें लावीत होता. एक्सिलेटरवर त्याचा पाय जड असे, म्हणून त्याचें व पुढें त्याच्या ट्रकाचें नांव बिगफूट पडलें. चाकें मोठीं झालीं तसे आंस मोडूं लागले. मग लष्करी ट्रकांचे आंस आले. ते आले म्हणून त्याहून मोठीं चाकें लावतां आलीं. १९८१ सालीं या ट्रकानें एका शेतांत जुन्या मोटारी चाकांखालीं चिरडल्या, आणि राक्षसी ट्रकांचा तमाशा जन्मास आला. चँडलरची कहाणी म्हणजे दुबळ्या दुव्याच्या स्थलांतराची कहाणी आहे. एक भाग पक्का केला, कीं ताण पुढच्या भागावर जाई, आणि तो पक्का केल्यावर त्याच्याही पुढच्या भागावर. तामियानें १९८६ सालीं ब्लॅकफूट व १९८७ सालीं क्लॉड बस्टर हे मोठ्या चाकांचे छोटे ट्रक काढले. क्लॉड बस्टरमध्यें तर प्रत्येक आंसावर स्वतंत्र मोटर बसवून लांबीच्या दिशेचा शाफ्टच वगळला होता. पण चारही चाकें वळणारीं असल्यामुळें वांकणारे सांधे मात्र चुकले नाहींत.

छोट्या गाड्यांतील सर्वांत साधा शाफ्ट दोन्ही टोंकांना गोळे असलेल्या हाडकासारखा दिसतो, आणि त्यास डॉगबोन असेंच म्हणतात. प्रत्येक गोळ्यांतून एक आडवी पिन गेलेली असते. ती पेटीच्या व चाकाच्या बाजूच्या खांचदार वाट्यांत बसते. पिन खांचेंत सरकते, म्हणून शाफ्टला लांब-आखूड होण्याची निराळी सोय लागत नाहीं. तो स्वस्त असतो, बदलण्यास सोपा असतो. पण चाक फारच खालीं लोंबलें तर तो वाटींतून निसटतो, कोन वाढला कीं अडखळतो, आणि पिनेनें वाटीची खांच हळूहळू खाऊन टाकतो. यावर सुधारणा म्हणून चाकाकडील टोंक कायमचें जोडलेला शाफ्ट आला. गोळा, त्यांतून आरपार जाणारी पिन व ती धरून ठेवणारा बारीक ग्रब स्क्रू अशी त्याची घडण असते. कॅलिफोर्नियांतील मूअर्स आयडियल प्रॉडक्ट्स या कारखान्याचे सी. व्ही. डी. या नांवाचे असे शाफ्ट इतके पसरले, कीं तें नांव पुढें त्या जातीचेंच नांव होऊन बसलें.

या नांवाचा अर्थ समान वेगाचा शाफ्ट असा आहे. पण ग्राहकानें नांवावर जाऊं नये. गोळ्याच्या पोटांत दोन पिना काटकोनांत बसविलेला असा सांधा म्हणजे गणिताच्या दृष्टीनें हुकचाच सांधा. फक्त क्रॉस आंत लपलेला. तो वाटींतून निसटत नाहीं आणि मोठा कोन सोसतो हे त्याचे गुण खरे. परंतु चाक पूर्ण वळलें असतां तोही पुढें धांवतो व मागें रेंगाळतो. पुढच्या चाकांची थरथर खरोखरच घालवावयाची असेल, तर एकास एक लागून दोन सांधे असलेला, म्हणजे डबल कार्डन जातीचा शाफ्ट घ्यावा लागतो. त्यांत एकूण कोन दोन सांध्यांत वांटला जातो आणि एकाची चूक दुसरा पुसून टाकतो. त्यांतील भाग मात्र अधिक, बारीक व महाग असतात.

शाफ्टच्या बाजाराला खरी तेजी आणली ती बॅटरीनें. जुन्या गाड्यांत निकेल-कॅडमियमच्या सहा घटांची ७.२ व्होल्टची बॅटरी आणि साधी ब्रशची मोटर असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रशविरहित मोटर व लिथियम-पॉलिमर बॅटरी प्रचारांत आली. तिचा एकेक घट ३.७ व्होल्टचा, म्हणून तीन घटांतच ११.१ व्होल्ट मिळूं लागले. ट्रकाचा सांगाडा जुना राहिला आणि त्यांतली शक्ति कितीतरी वाढली. ट्रॅक्ससच्या २००८ सालच्या स्लॅशसारख्या ट्रकांत मूळचे शाफ्ट एकांत एक सरकणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांचे होते. साध्या मोटरीस ते पुरेसे. जोरदार मोटर बसविणाऱ्याच्या हातीं मात्र ते पिळवटूं लागले. मग मूळ कारखान्यानें आणि इतरांनींही पोलादी शाफ्ट विकावयास काढले.

येथें धातूचें थोडें गणित उपयोगी पडतें. भरीव दांड्याची पीळ सोसण्याची शक्ति त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. ४ मिलिमीटरच्या जागीं ५ मिलिमीटर जाडीचा, त्याच पोलादाचा दांडा घेतला तर व्यास पावपटच वाढतो, पण शक्ति जवळजवळ दुप्पट होते. उलट दांड्याच्या गाभ्यांतील धातु फारसें काम करीत नाहीं. अर्ध्या व्यासाचें भोंक आरपार पाडलें तर वजन शेंकडा २५ नें घटतें आणि शक्ति शेंकडा सव्वासहानेंच. म्हणून धातूच्या नांवापेक्षां जाडी आणि घडण पाहणें अधिक शहाणपणाचें असतें. ॲल्युमिनियम हलकें असतें, पण पिन ज्या भोंकांत घासते तेथें तें लवकर झिजतें. टायटॅनियम हलकें व बळकट असतें, पण महाग पडतें. कठीण केलेलें पोलाद जड असतें, परंतु पिन व खांच यांच्या घर्षणास तेंच अधिक टिकतें.

तथापि सर्वांत मोठा प्रश्न शाफ्ट किती मजबूत हा नसून, तो न मोडल्यास काय मोडेल, हा आहे. घरांतील विजेचा फ्यूज मुद्दाम दुबळा ठेवलेला असतो. तो वितळतो म्हणून घर वांचतें. होडीच्या मागें लावावयाच्या जुन्या धर्तीच्या यंत्रांत पंख्याला धरणारी एक मऊ पिन असे. पंखा खडकावर आपटला कीं ती तुटे, आणि यंत्र शाबूत राही. प्लॅस्टिकचा शाफ्ट हा छोट्या ट्रकाचा असाच फ्यूज आहे. तो पिळवटतो तेव्हां मालक चरफडतो. पण त्याच क्षणीं त्यानें आंतील डिफरन्शिअलचीं दंतचक्रें वांचविलेलीं असतात. त्याच्या जागीं न मोडणारा शाफ्ट बसविला, कीं तोच धक्का आंत जातो. आतां डिफरन्शिअलची वाटी फाकते, दंतचक्राचे दांत उडतात, किंवा चाक धरणारा भाग फुटतो. दुबळा दुवा नाहींसा झालेला नसतो. तो बाहेरच्या, स्वस्त आणि दोन स्क्रूंनीं सुटणाऱ्या जागेंतून आंतल्या, महाग आणि सारी पेटी उकलावयास लावणाऱ्या जागेंत गेलेला असतो. चँडलरला दुकान होतें, अवजारें होतीं, आणि मोडणें हाच त्याच्या तमाशाचा एक भाग होता. ज्याला रविवारच्या एका संध्याकाळीं ट्रक चालवावयाचा आहे, त्याची गोष्ट वेगळी.

ताणावर दुसराही उपाय आहे, आणि तो अधिक चतुर आहे. जर्मनींत १९४८ पासून निघूं लागलेल्या उनिमोग ट्रकाच्या प्रत्येक चाकापाशीं दंतचक्रांची लहानशी जोडी असते. त्यामुळें आंस जमिनीपासून उंच राहतो, आणि वेग चाकापाशीं पोंचल्यावर मग कमी होतो. वेग जेथें कमी होतो तेथून पुढेंच पीळ वाढतो. म्हणून त्याअलीकडच्या शाफ्टवर ओझें कमी पडतें. चाकापाशीं वेग निम्मा करावयाचा असेल, तर शाफ्टला एरवीच्या निम्माच पीळ सोसावा लागतो. ट्रॅक्ससच्या २०१७ सालच्या टी. आर्. एक्स्.-४ या खडक चढणाऱ्या ट्रकांत हीच योजना छोट्या रूपांत आहे. येथें दांडा अधिक जाड न करतां त्याच्या खांद्यावरचें ओझेंच उतरविलें आहे. उलट, मोठ्या व्यासाचीं जड चाकें बसविणारा तेंच ओझें वाढवीत असतो. असा मालक शाफ्टला दोष देतो, तेव्हां दोष पुष्कळदां चाकांचा असतो.

या सर्वांवरून निवडीचा क्रम सहज लागतो. प्रथम ट्रकाचें काम ठरवावें. शर्यतींत धांवणाऱ्यास फिरतें वजन कमी हवें. त्यास हलका, पण चाकाकडून निसटणार नाहीं असा शाफ्ट योग्य. खडक चढणाऱ्यास वेग नको, पीळ व मोठा कोन हवा. त्यानें पोलादी, जाड पिनेचा शाफ्ट घ्यावा, वजनाची तमा बाळगूं नये. उड्या मारणाऱ्यास धक्का सोसणारा शाफ्ट हवा. त्यानें पोलादी शाफ्ट घेण्यापूर्वीं आंतील दंतचक्रें पोलादी आहेत कीं नाहींत हें पाहावें, आणि नसतील तर मूळच्या प्लॅस्टिकच्या शाफ्टची एक जादा जोडी खिशांत ठेवणें हाच शहाणपणा. मोटर मूळचीच असेल, तर शाफ्ट बदलण्याचें कारण बहुधा नसतेंच.

मग मापें घ्यावीं. चाक पूर्ण वर उचललेलें असतांना आणि पूर्ण खालीं लोंबलेलें असतांना, अशीं दोन्ही वेळां वाट्यांमधील अंतर मोजावें. आखूड अंतरांत शाफ्ट तळाशीं टेकतां कामा नये, आणि लांब अंतरांत निसटतां कामा नये. पुढचें चाक पूर्ण वळवून कोन पाहावा. चाकाच्या बाजूचा षट्कोनी भाग १२ मिलिमीटरचा आहे कीं १७ मिलिमीटरचा, बेअरिंगचें भोंक किती, पिनेची जाडी किती, हें जुळवून पाहावें. पिन व क्रॉस वेगळे विकत मिळतात कीं नाहीं, हें अवश्य विचारावें. कारण चांगल्या शाफ्टचा दांडा वर्षानुवर्षें टिकतो, झिजतो तो सांधाच. बसवितांना दोन्ही टोंकें एकाच पातळींत आहेत हें पाहावें, ग्रब स्क्रूवर थ्रेडलॉकचा थेंब द्यावा, आणि धूळ अडविणारें रबरी आवरण असेल तर तें फेकूं नये. स्पायसरचा उद्योग अशाच एका आवरणावर उभा राहिला होता.

हुकच्या छायायंत्रापासून खडक चढणाऱ्या छोट्या ट्रकापर्यंत सांध्याचीं रूपें अनेक झालीं. पण कोणत्याच रूपानें यंत्रांतील दुबळेपणा समूळ नाहींसा केला नाहीं. कुशल कारागिरांनीं त्याला सोयीची जागा मात्र नेमून दिली. दुकानांत शाफ्ट हातांत घेऊन उभ्या असलेल्या मालकाला वस्तुतः हेंच ठरवावयाचें असतें, कीं आपला ट्रक मोडेल तेव्हां कोठें मोडावा. ज्या जागीं दुरुस्ती स्वस्त आणि सुटसुटीत, तेथें तो मोडावा. हें ज्याला ठरवितां आलें, त्याला मधल्या फळीवरचा साधा शाफ्टही पुरतो. ज्याला ठरवितां आलें नाहीं, त्याला सर्वांत महाग शाफ्टही पुरत नाहीं.